जावळ राहिलं होतं

या सगळ्या प्रकरणात कुणीही नाही म्हणालं नव्हतं. शस्त्रक्रिया करू नका, असं बहिणीच्या सासरी, आमच्या घरी किंवा भावकीत एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. निघालं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ‘आमचं काही म्हणणं नाही’ असं म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. माझी धाकटी बहीण उमरीजवळच्या एका गावात दिलेली आहे. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी, माणसं मायाळू. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचताना त्यांच्यावर अन्याय होईल. लग्नानंतर बरीच वर्षं तिला मूल नव्हतं. तिच्या सासूनं, त्यांना मी मावशी म्हणतो, माहूरच्या देवीला नवस बोलला होता की घरात लेकरू खेळू दे, त्याचं पहिलं जावळ तुझ्या पायरीशी आणून काढीन. मुलगी झाली. मावशींनी गावभर पेढे वाटले. मुलगा झाला असता तर त्यांनी याहून जास्त वाटले असते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. सख्खा मामा मी एकटाच.

बाळंतपण आमच्याकडे, नांदेडला झालं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक बाई यायच्या. त्यांचा हात फार चांगला. पाळण्याजवळ पाट मांडून, पाय पसरून त्या पोरीला पायांवर घ्यायच्या आणि डोक्याच्या मधोमध, जिथे हाडं अजून जुळलेली नसतात त्या मऊ जागेवर, तेल थापायच्या. टाळू भरणं हे घराघरांत चालतं. टाळू खोल दिसली की बायका काळजी करतात आणि वर आली की आनंदतात. आमच्या पोरीची टाळू दर आठवड्याला वर येत होती.

“कशी भरून आली बगा,” बाई म्हणायच्या. “तेल पिती नुसती. लई गुनाची पोर हाय.”

आई खूश व्हायची. बाईंना चहाबरोबर एखादा लाडू जास्त मिळायचा. ती टाळू तेलानं भरत नव्हती, आतून फुगत होती, हे पुढे कळलं. पण त्या दिवसांत ज्या गोष्टीनं घाबरायला हवं होतं तिचंच घरात कौतुक चाललं होतं.

शंका पहिल्यांदा बाबांना आली. माझे वडील गणिताचे शिक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खोड गेली नव्हती. आई नातीसाठी जुन्या मऊ साड्यांची टोपडी शिवत होती. एका दुपारी बाबांनी तीन टोपडी एकावर एक ठेवली आणि कडा जुळवून बघितल्या.

“हे मागच्या पंधरवड्यातलं ना?” त्यांनी विचारलं.

“हो. आता बसत नाही. कापड आटलं असेल.”

“धुतलंय कुठं अजून?”

“तुम्हाला टोपड्यातही गणित दिसतं,” आई म्हणाली आणि टोपडी उचलून घेऊन गेली.

बाबा मला म्हणाले, “टोपडी लहान होत नाहीत. डोकं मोठं होतंय. एकदा दाखवून घे.”

त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत. त्यांनी मला सांगितलेलं शेवटचं काम म्हणजे ते दाखवून घेणं. पण घरात माणसांची रीघ लागली, मग दहावा, तेरावा, आणि ते सगळं आवरून बहीण सासरी गेली. पुढे लस द्यायला नेलं तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनं डोक्याभोवती टेप लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाली की नांदेडला मुलांच्या डॉक्टरांना आजच दाखवा.

डॉक्टरांनी टाळूवरूनच सोनोग्राफी केली. लहान बाळाच्या बाबतीत ती सोय असते. हाडं जुळलेली नसल्यामुळे त्या खिडकीतून आत बघता येतं. ग्रंथालयात वैद्यकाची पुस्तकं फार नाहीत, पण जी होती ती मी काढली आणि समजून घेतलं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. त्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो, ठरलेल्या वाटेनं बाहेर पडतो, मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात मिसळतो. आमच्या पोरीची ती वाट जन्मतःच अरुंद होती. द्रव तयार होत होता, पण जात नव्हता. मोठ्या माणसाची कवटी घट्ट असते, त्याला काही तासांतच त्रास सुरू होतो. बाळाची कवटी उसवत जाते, म्हणून बाळ हसतं, दूध पितं, आणि घरच्यांना वाटतं की सगळं ठीक आहे.

लातूरला लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर होत्या. तिकडे पाठवलं. त्या पन्नाशीच्या असाव्यात, बोलायला मोजक्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यांसमोर लाल चेंडू फिरवला. तिची बुबुळं खाली ओढल्यासारखी झाली होती, वर पांढरं दिसत होतं. त्या म्हणाल्या, “आत एक नळी बसवायची. डोक्यातून कानामागे, मानेखालून पोटात. कातडीच्या आतून जाते, दिसत नाही. साठलेला द्रव पोटात उतरतो, तिथे जिरतो. मूल वाढतं, शाळेत जातं. पण लवकर या. दाब असाच राहिला तर नजरेच्या नसा सुकतात. सुकलेली नस परत हिरवी होत नाही.”

एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी भारावून बाहेर आलो. खाली चिठ्ठ्या देणारा माणूस बसला होता. भरती व्हायला येताना काय काय आणायचं ते त्यानं सवयीनं म्हणून दाखवलं. आधीचे कागद, दोन दुपटी, रक्त द्यायला माणूस. “आन डोकं सफा करून आना लेकराचं,” तो शेवटी म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

दुपट्यांवर आणि रक्तावर घरात कधीच चर्चा झाली नाही.

गावाकडे ओसरीवर बैठक बसली. मी सगळं समजावून सांगितलं. मावशी पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होत्या, मधूनमधून त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं.

“आपरेशन करा की,” त्या म्हणाल्या. “लेकरापेक्षा मोठं काय हाय? पन केस माझे न्हाईत, मामा. देवीचे हायत. मी शबूद देऊन बसले.”

“मग आधी माहूरला जाऊन जावळ काढू. उद्याच निघू.”

आबा, म्हणजे बहिणीचे सासरे, तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा थांबला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

“तुमी वर्षात हाव न्हवं,” त्या हळूच म्हणाल्या.

वडील गेल्यावर वर्षभर मुलानं शुभकार्यात बसायचं नाही, हे मला माहीत होतं. ते माझ्यापर्यंत अशा वाटेनं येईल असं वाटलं नव्हतं. जावळ मामाशिवाय होत नाही, मामा वर्ष सरल्याशिवाय बसू शकत नाही, आणि जावळ झाल्याशिवाय डोक्याला वस्तरा लावता येत नाही. ज्या माणसानं तीन टोपडी एकावर एक ठेवून सांगितलं होतं की हिला दाखवा, त्याच्याच मरणाचं वर्ष आता तिच्या आड उभं होतं.

“मी बसतो,” मी म्हणालो. “मला काही लागत नाही.”

“तुमी शिकलेले, तुमाला दोष लागत न्हाई,” मावशी म्हणाल्या. “लेकराला लागतो.”

मी आबांकडे वळलो.

“मला इचारू नका. हे बायांचं हाय,” आबा म्हणाले. “माझं काही म्हननं न्हाई. तुमच्या आईला इचारून घ्या. त्या हो म्हनल्या की झालं.”

बहिणीचा दीर खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, “मामा, तुमच्या लायब्ररीत बगा की. वर्ष लवकर सरायचा काही उपाय लिव्हला असंल.” दोघेतिघे हसले. तो वाईट माणूस नाही. त्याला ते वातावरण सहन होत नव्हतं.

नांदेडला येऊन आईला विचारलं. ती बाबांच्या कपाटातली पुस्तकं पुसत होती. बाबांची पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची सवय होती, त्यामुळे कोणतं पुस्तक कोणतं ते त्यांच्याशिवाय कुणाला कळत नसे. आई एकेक उचलून तसंच ठेवत होती.

“पोर त्यांची, नवस त्यांचा,” ती म्हणाली. “मी यात बोलले आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? माझं काही म्हणणं नाही. तेराव्याला आले होते त्या गुरुजींना विचार.”

गुरुजींना विचारलं. ते फोनवर फार समजुतीनं बोलले. “आपत्काली सर्व चालतं. शास्त्राची आडकाठी नाही. फक्त घरच्यांच्या मनात किंतु नको.” मी हे जसंच्या तसं गावी सांगितलं. शास्त्राची आडकाठी नाही, हा भाग कुणी ऐकलाच नाही. ‘किंतु नको’ एवढंच राहिलं. मग किंतु कुणाच्या मनात आहे, याचा शोध सुरू झाला. मावशी म्हणाल्या माझ्या मनात नाही, सुनेच्या मनात असेल. आबा म्हणाले विहीणबाईंच्या मनात दिसतो. आई म्हणाली मला कसला किंतु, त्यांनाच असेल. चुलत मामा चालेल का, असं कुणीतरी काढलं. सख्खा असताना चुलत कशाला, असं दुसऱ्यानं मोडलं. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक शब्द होता, पाणी. डोक्यात पाणी झालंय, असं आम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं. पाणी काय, ओसरतं. जिरतं. आबा एकदा मला धीर देत म्हणाले, “पान्याचंच हाय ना? मंग एवढं काय भ्यायचं.”

त्या दिवसांत लोक मला भेटले की विचारायचे, “तुमचं वर्ष कधी सरतं?” महिने मोजून सांगायचे. बाबा गेल्यावर मी घरात कसा राहतो, संध्याकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं की कुणाला वाचून दाखवतो, हे कुणी विचारलं नाही. दुःख माझं होतं, पण त्याचा उपयोग फक्त मुहूर्त अडवायला होत होता. मला राग यायचा, आणि शोकात असलेल्या माणसानं रागावू नये असंही सगळ्यांना वाटायचं. “मामाचं मन अजून थाऱ्यावर न्हाई,” असं म्हणून माझं बोलणं बाजूला ठेवलं जायचं.

बहीण या सगळ्यात काहीच बोलत नव्हती. चहा आणून ठेवायची, पोरीला घेऊन आत जायची. एका सकाळी तिचा फोन आला.

“दादा, आज हिनं खुळखुळ्याकडं बघितलं नाही. डोळ्यापुढं धरला तरी नाही. वाजवला तेव्हा मान वळली.”

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “मी स्टेशनवर आहे. उमरीहून गाडी धरतेय. नांदेडला उतरते, तू बसस्टँडवर ये. लातूरला जायचंय.”

“घरी काय सांगितलंस?”

“कुणाला विचारलंच नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात.”

बसस्टँडवर ती पोरीला छातीशी धरून उभी होती. मागे दाजी, तिचा नवरा, दोन पिशव्या घेऊन. ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले. “ती निघाली,” ते म्हणाले. “मंग मी बी निघालो.” त्या घरात इतक्या दिवसांत कुणी ठामपणे म्हटलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

बस लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचली. एरवी खिडकीतून वारा लागला की पोर हात हलवायची. त्या दिवशी ती झोपूनच होती. अहमदपूरच्या पुढे उलटी झाली, डोळे उघडले, परत मिटले. बहीण तिच्या तळपायाला टिचकी मारून बघत होती. शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, “गाडी लागली लेकराला. आवळ्याची सुपारी देते, तू चोखून दे तिला.” बहिणीनं ती सुपारी घेतली आणि मुठीत धरून ठेवली, लातूर येईपर्यंत.

डॉक्टरांनी पोरीला पाहिलं. टाळूवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“इतके दिवस कुठे होता तुम्ही?”

“जावळ राहिलं होतं,” बहीण म्हणाली.

“त्याचा काय संबंध?”

“डोकं सफा करून आणा म्हणाले होते. खाली.”

डॉक्टरांनी पोरीच्या उजव्या कानामागे आपला तळवा टेकवला. “मला एवढी जागा लागते,” त्या म्हणाल्या. “तळहाताएवढी. आणि ती आम्हीच करतो, आत, भूल दिल्यावर. घरून वस्तरा लावून आणूच नये. बारीक कापतं, तिथून जंतू जातात.”

बहीण हसली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, पण तसं हसताना तिला कधी ऐकलं नव्हतं. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाबा असते तर त्यांनी त्या चिठ्ठीवाल्यालाच विचारलं असतं की सगळं डोकं का, किती जागा लागते? कशाचंही ‘किती’ विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत. आयुष्यभर आम्ही त्यांना त्यावरून हसलो. आता ते नव्हते, तर त्या एका प्रश्नावाचून एवढं मोठं घर अडून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं दाजींनी विचारलं, “त्या नळीला व्हॉल्व्ह असतो म्हनले. शेतातल्या ठिबकला असतो तसा का?”

“साधारण तसाच. आत दाब वाढला की उघडतो, उतरला की मिटतो.”

“कचरा अडकतो ठिबकच्यात.”

“यातही अडकू शकतो. नळी तुंबू शकते, जंतू लागू शकतात. पोर सारखी उलट्या करायला लागली, फार झोपायला लागली, तर लगेच घेऊन यायचं. मग बदलतात.”

“बदलतेत म्हनजे? परत फाडून?”

“हो.”

“म्हनजे हे एकदाचं न्हाई,” ते म्हणाले. “जल्माचं हाय.” ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती आणि कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. त्यांनी ती ठिबकवरून स्वतःच ओळखली आणि नंतर घरी सगळ्यांना त्यांनीच सांगितली.

डॉक्टर बाहेर आल्या. नळी बसली, पोर ठीक आहे, असं म्हणाल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. “लोकांना पाणी म्हणून सांगू नका. पाणी म्हटलं की माणसं ओसरायची वाट बघत बसतात.” मी मान हलवली. हे आता ऐकून काय उपयोग होता?

तेवढ्यात मावशींचा फोन आला. पोर सुखरूप आहे म्हटल्यावर त्या रडल्या, देवीचं नाव घेतलं. मग आवाज सावरून म्हणाल्या, “मामा, केस काडले का?”

“थोडेसे. कानामागचे.”

“मंग ते केस कुटं हायत?”

आत मेंदूची शस्त्रक्रिया होऊन नुकतीच संपली होती आणि मला शस्त्रक्रियागृहाच्या दारावर जाऊन केस मागायचे होते. नाही म्हणावंसं वाटलं. पण म्हणता आलं नाही. मीही त्यांच्यातलाच आहे.

दार लोटून एक सिस्टर बाहेर आली. मी विचारलं, “त्या लहान मुलीचे... काढलेले केस... टाकले असतील ना?”

“कशाला टाकू?” तिनं खिशातून गॉजच्या कापडाची पुडी काढली, वर पट्टी चिकटवलेली होती. “हे घ्या. आम्ही ठेवतोच. इकडं सगळेच मागतात, जावळाचं असतं ना. सकाळी एका आजोबांना दिले.”

पुडी हातात घेतली. इतकी हलकी होती की आत काही आहे असं वाटत नव्हतं. म्हणजे या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. किती केस लागतात, ते कुणाचे असतात, लोक का अडतात, हे रोजचं होतं. पुड्या बांधायची रीतसुद्धा पडली होती. फक्त दारात पहिल्या दिवशी हे कुणी सांगत नव्हतं. तळहाताएवढे काढू, जपून पुडीत देऊ, बाकीचे माहूरला न्या. एवढी तीन वाक्यं. ओसरीवर मी ती म्हटली असती तर मावशींनीच पिशवी भरून दिली असती, याबद्दल मला शंका नाही. मी सिस्टरला धन्यवाद दिले. तिच्यावर रागवायचं कारण नव्हतं. कुणावरच रागवायचं कारण सापडत नव्हतं, आणि त्यानंच जास्त राग येत होता.

नळीनं काम केलं. टाळू बसली. डोळ्यांची बुबुळं हळूहळू वर आली, पांढरं झाकलं गेलं, चेहरा पुन्हा पोरीचा झाला. ती मान धरू लागली, दूध जिरू लागलं. आम्हाला वाटलं सुटलो. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून तपासलं आणि म्हणाले की दोन्ही नसा फिकट पडल्या आहेत, उजवी फार, डावी थोडी. जवळचं काही दिसेल. लांबचं किती, ते ती बोलायला लागल्यावर कळेल.

मी लातूरला जाऊन डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. आम्ही पहिल्या भेटीनंतर लगेच आलो असतो, तर?

त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “नजर वाचली असती कदाचित. कदाचित तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच नुकसान झालं असेल. मी त्या दिवशी तिच्या डोळ्यांत आतून बघितलं नव्हतं.”

हे उत्तर घेऊन मी परतलो. माझ्याकडे अजून तेच आहे. त्याला दोष देता येत नाही आणि त्यानं समाधानही होत नाही. गावी मात्र गोष्ट वेगळ्या रीतीनं पुरी झाली. डोक्याला वस्तरा लागला तो अर्धवट, जावळ काही मोडलं नाही, देवीनं वेळ निभावली, असं सगळ्यांचं मत पडलं. किंतु कुणाच्याच मनात उरला नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी निघाले, आईनं पाट उचलले, आणि त्याच दुपारी मावशींचा फोन आला. “मामा, आता मोकळे झाले न्हवं?” मी म्हणालो, झालो. मी बाबांपासून मोकळा झालो असा त्याचा अर्थ होत होता, पण त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

माहूरला पायऱ्यांच्या बाजूला, सावली बघून, मला पाटावर बसवलं. मांडीवर पोर. समोर परातीत पोळी, केस झेलायला. आईनं तिच्यासाठी नवं झबलं शिवून आणलं होतं, बाबांच्या धोतराचं, ते कुणाला सांगितलं नव्हतं, मी ओळखलं. न्हाव्यानं वस्तरा काढला, डोक्यावरून हात फिरवला आणि कानामागे बोटं लागताच दचकून थांबला.

“हे काय हाय?”

“नळी हाय. तिथून हळू जा,” मावशी म्हणाल्या. “मेंदूतनं पोटात गेलेली हाय. व्हॉल्व्ह हाय तिला.” त्यांना आता सगळं पाठ झालं होतं.

केस उतरले. पोर रडली नाही. सगळे तिच्यासमोर चुटक्या वाजवत, वर आभाळात उडणारं काही दाखवत होते. ती आवाजाकडे मान वळवत होती, आभाळाकडे बघत नव्हती. दाजींनी पुडी उघडून लातूरचे केस पोळीवर ठेवले. मग मावशी परातीपाशी वाकल्या आणि बोटांनी केस निवडू लागल्या.

“काय करताय?” बहिणीनं विचारलं.

“हे आखूड हायत ते आपरेशनच्या जागेवर मागून उगवलेले,” त्या म्हणाल्या. “ते जावळ न्हवं. देवीला पयलेच द्यायचे.” त्या एकेक आखूड केस उचलून पदरात टाकत होत्या. एकही लांब केस त्यात जाऊ दिला नाही. गव्हातून खडे निवडावेत तसं चाललं होतं, प्रेमानं, न कंटाळता. आबा शेजारी उभे राहून डोळे बारीक करून मदत करत होते, “ह्यो बग, ह्यो राहिला.”

बहीण माझ्याकडे बघत होती. मी काही बोलावं असं तिला वाटत असावं.

मांडीवरच्या पोरीला माझ्या सदऱ्याचं बटण सापडलं. तिनं ते मुठीत धरलं, ओढलं, आणि डोकं पुढे आणून डाव्या डोळ्याला अगदी चिकटवलं. मग ती स्थिर झाली. पांढरं, चार भोकांचं, साधं बटण. ती ते बघत होती. मी पाठ वाकवून बसलो, म्हणजे सदरा तिच्या डोळ्यापासून लांब जाणार नाही. परातीत केस निवडणं चालूच होतं. “उठा मामा, झालं,” असं कुणीतरी म्हणालं. तिचं बघून होईपर्यंत मी उठलो नाही.